लल्ला यामनाचा हिरवा

मित्रांनो, पडद्याकडे सगळेच पाहतात. पडद्यावरचे ते रंग पाठवतो कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. ते पाठवणारा मी. सफ्रू गावातल्या एका फोटोकॉपीच्या दुकानात, काचेमागे ठेवलेल्या संगणकाच्या पोटात मी असतो. मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. माझे वय वीस वर्षे. माणसांत हे वय कोवळे समजतात. आमच्यात या वयाचे सहसा कुणी उरत नाही.

माझे काम आधी सांगतो, कारण ते पुष्कळांना ठाऊक नसते. संगणकाला फक्त आकडे कळतात. त्या आकड्यांचे रंग करायचे आणि ते पडद्याला द्यायचे, एवढे मला येते. पण माझ्याशी बोलायला संगणकाला एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. दुभाष्या असला तर मी हुशार, नसला तर मी नुसता एक पत्र्याचा तुकडा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका दूरच्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. गरम कथिलाचा वास आणि हातमोजे घातलेली पुष्कळ बोटे, एवढेच. तिथून मी फेज शहरात आलो. नव्या वस्तीत संगणकावर खेळ खेळण्याचे एक दुकान होते, त्यातल्या चार नंबरच्या यंत्रात मला बसवले. ती माझी ऐन तारुण्याची वर्षे! खेळातल्या मोटारी माझ्या जोरावर धावत. धुके, धूळ, पाण्यावरची चमक, सगळे मी करी. चार नंबरवर बसायला मुले भांडत. दुकानाचा मालक ओरडे, "चार नंबरला हात लावायचा असेल तर आधी हात धुऊन या!" मला वाटे, जग आपल्यामुळेच चालले आहे.

मग माझ्याहून तेज कार्डे आली. एके सकाळी मला उपसून काढले आणि टेबलाच्या खणात टाकले. खणात माझ्यासोबत एक मोडका स्टेपलर होता, एक वाळलेले पेन होते आणि कुठल्या टीव्हीचा ते कुणालाच माहीत नसलेला एक रिमोट. पहिले वर्षभर खण उघडला की मला वाटे, माझ्यासाठीच उघडला. तो नेहमी स्टेपलरच्या पिनांसाठी उघडे. सहा वर्षे मी तिथे होतो. मला फार एकटे वाटे, हे सांगायला आता लाज कसली?

तिथून मला बाहेर काढले ते सी, म्हणजे श्रीयुत, हमादी यांनी. त्यांचे सफ्रूमध्ये फोटोकॉपीचे दुकान आहे. फेजच्या त्या मालकाशी त्यांची जुनी ओळख. ते आले होते चार्जरची तार मागायला आणि खणात हात घातला तो मी हाताला लागलो. त्यांनी तोंडाने फुंकून माझ्यावरची धूळ उडवली, मला उन्हात धरून पाहिले आणि म्हणाले, "हे मी नेऊ का? मला एकच रंग दाखवायचाय."

एकच रंग! मी, ज्याने लाखो रंगांची आतषबाजी केली होती, त्याला एक रंग दाखवण्याच्या कामाला लावणार! खरे सांगतो, मला राग आला. त्या रंगाची गरज कुणाला होती, ते मला अजून कळायचे होते.

हमादींच्या दुकानासमोर एक दगडी पायरी आहे. त्या पायरीवर लल्ला यामना, म्हणजे यामनाबाई, बसते. आमच्या गावात बायका रेशमाच्या धाग्याची बटणे विणतात. ती जेलाब्याला, म्हणजे इथल्या पायघोळ अंगरख्याला, गळ्यापासून खालपर्यंत ओळीने लावतात. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन येते आणि बायका त्याला जुळणारा धागा काढून देतात. या कामात यामनाचा हात धरणारे गावात कुणी नाही. ती शाळेत गेली नाही, आकडे तिला वाचता येत नाहीत, पण रंग मात्र तिला कुणी शिकवावे असे नाही.

तिशीत असताना तिला मोठा ताप आला आणि तिचे दोन्ही कान गेले. तेव्हापासून ती बोलते ते ओरडून, कारण आपलाच आवाज तिला ऐकू येत नाही. नवरा होता तोवर रमजानमध्ये संध्याकाळी रोजा सोडायची वेळ झाली की तो तिच्या खांद्यावर हात ठेवी. तो गेल्यावर हात ठेवणारे कुणी राहिले नाही. भोंगा वाजे, अजान होई, ते तिला कसे कळणार? मशिदीचा मिनारही आमच्या गल्लीतून दिसत नाही. मग ती दारादारांतून हळूच डोकावे, लोक जेवायला बसले की नाही ते पाही. पोरीबाळी हसत. एकदा हमादींनी तिला असे डोकावताना पाहिले आणि त्या दिवशी त्यांना घास गेला नाही.

म्हणून त्यांनी ती युक्ती केली. दुकानाच्या काचेमागे एक जुना पडदा ठेवला. त्याच्याशेजारी संगणकाची पेटी ठेवली आणि तिच्यात मी. पेटीचे एका बाजूचे झाकण हरवले होते, त्यामुळे मला बसल्या जागेवरून गल्ली दिसे. रोज्याच्या वेळांचा छापील कागद पाहून हमादींनी महिन्याचा तक्ता भरून दिला. दिवसभर पडदा केशरी. सूर्य मावळायच्या मिनिटाला पडदा हिरवा. कोपऱ्यात एक बारीकसे घड्याळ. पडदा जुनाट होता, पिवळा पडला होता. त्याच्यावर हिरवा रंग चांगला दिसेना, म्हणून हमादींनी खटपट करून माझ्याकडून रंग जरा सुधारून घेतले. हिरव्यात मी थोडी निळी झाक मिसळून पाठवू लागलो, तेव्हा कुठे तो नीट उमटला.

रोजा सोडायच्या वेळी आमची गल्ली कशी असते, ते पाहायला हवे. चिटपाखरू नसते. सगळी दारे लावलेली, आतून चमच्यांचे आवाज. त्या वेळी कुणी बाहेर दिसलेच तर त्याला जेवायला बोलावल्याशिवाय इथे कुणी राहत नाही. "ये, बस, जेवून जा," अशी हाक कुठल्याही खिडकीतून येते. यामनालाही येई. पण तिला ऐकू येत नसे, ती मान वर करत नसे, आणि लोकांना वाटे, ही मानी आहे. हळूहळू लोकांनी हाका मारणे सोडून दिले.

ती पायरीवर बसे. शेजारी हरीऱ्याचा, म्हणजे मसुराच्या दाट सुपाचा, वाडगा ताटलीखाली झाकलेला, मांडीवर तीन खजूर. डोळे माझ्यावर. मी हिरवा झालो की ती "बिस्मिल्लाह!" म्हणे, आणि ते इतक्या मोठ्याने की वरच्या खिडकीतून रकिया ओरडे, "झालं! यामनानं परवानगी दिली, जेवा आता!"

रकिया म्हणजे मिठाई करणारी शेजारीण. तिची जीभ तिखट, हात गोड.

असे सात रमजान गेले. माझा राग केव्हाच गेला होता. फेजच्या दुकानात शंभर मुले माझ्याकडे पाहत, पण त्यांना मोटारी पाहायच्या होत्या. इथे एकच बाई पाही. पण ती पाहत असे ते खरेच माझ्यासाठी, असे मला वाटे. वर्षातले बाकीचे अकरा महिने मी फोटोकॉपीचे दर दाखवी आणि रमजानची वाट पाही.

आणि मग ती चूक झाली.

आमच्या देशात घड्याळ वर्षभर एक तास पुढे असते. रमजान लागण्याआधीच्या रविवारी ते एक तास मागे घेतात आणि रमजान संपला की पुन्हा पुढे करतात. माझा संगणक चालवणारी लिनक्स नावाची प्रणाली पंधरा वर्षांपूर्वीची. तिला हा नियम माहीत नव्हता. दर वर्षी हमादी हाताने घड्याळ मागे करत. त्या वर्षी त्यांचा मोबाइल आपोआप मागे गेला, घरातले घड्याळ बायकोने मागे केले, आणि हमादी निश्चिंत झाले. आमचे घड्याळ तसेच राहिले. चार दिवस कोपऱ्यात वेळ चुकीची दिसत होती, पण कुणाला नवल वाटले नाही. त्या दिवसांत प्रत्येक घरात एखादे घड्याळ जुन्या वेळेवर राहतेच. "जुनी वेळ की नवी?" असे विचारूनच लोक भेटीगाठी ठरवतात.

रमजानचा पहिला दिवस. सकाळपासून पाऊस. आभाळ इतके भरलेले की दुपारीच दिवे लागले होते. गल्ली रिकामी. यामना छपराखाली सरकून बसली होती. माझ्या तक्त्यात साडेसहा लिहिले होते आणि माझ्या घड्याळात साडेसहा वाजले. मी हिरवा झालो.

खरे तर तेव्हा साडेपाच वाजले होते.

यामनाने खजूर तोंडात टाकला, बिस्मिल्लाह म्हटले, वाडग्यातला हरीरा दोन घोट प्याली. तेवढ्यात रकिया भट्टीवरून पाव घेऊन येत होती. ती जागच्या जागी थबकली.

"अगं यामना! अगं काय करतेयस? अजून तास आहे!"

यामनाला काय ऐकू येणार! रकियाने पावाची पिशवी काखेत धरली आणि मनगटावर बोट आपटून दाखवले, आभाळाकडे हात केला. दारे उघडली. चार डोकी बाहेर आली. कुणीतरी म्हणाले, "कान गेले होते, आता डोळेही गेले वाटतं." लोक हसले. यामनाला शब्द ऐकू आले नाहीत, पण हसणारी तोंडे दिसली. तिने तोंडातला खजूर काढून हातात घेतला. वाडगा खाली ठेवला. मग तिने माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, मी अजून हिरवाच होतो. मला दुसरे काही होताच येत नव्हते.

हमादी दुकानावरच्या घरातून धावत खाली आले. घड्याळ पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "मोबाइल आपोआप मागं गेला गं! मला वाटलं, सगळंच गेलं असेल!" छातीवर हात ठेवून ते तिच्यापुढे उभे राहिले.

यामना नेहमीसारखी मोठ्याने बोलली. "एक रोजा काय, नंतर धरीन परत. त्याचं काही नाही. पण अख्ख्या गल्लीसमोर रे, हमादी?"

दुसऱ्या दिवशी हमादींनी घड्याळ बरोबर केले. मी अगदी वेळेवर हिरवा झालो. यामना पायरीवर नव्हती. ती गल्लीच्या टोकाला होती, आणि एका दाराच्या फटीतून आत डोकावत होती. सात वर्षांपूर्वी होती तशीच. मी रिकाम्या गल्लीला हिरवा रंग दाखवत राहिलो. खणातली सहा वर्षे मला त्या संध्याकाळपेक्षा बरी वाटली.

हमादींना ते सहन होईना. फेजला संगणक शिकवणारी त्यांची भाची आहे, विदाद. सुटी लागताच त्यांनी तिला बोलावून घेतले.

"मोबाइलसारखं हे आपोआप मागं-पुढं व्हायला हवं," ते म्हणाले. "माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही."

विदादने संगणक सुरू केला आणि ती हसत सुटली. "मामा, ही प्रणाली तर माझ्या लग्नाच्या आधीची आहे!"

"तुझं लग्न कुठं झालंय?"

"नाहीच झालं. पण ही तोवर म्हातारी झाली, बघा!"

तिने आजच्या काळातले लिनक्स आणले होते. त्याला देशोदेशीच्या घड्याळांचे नियम माहीत होते, आमचा रमजानचा नियमसुद्धा. जुने सगळे पुसून तिने ते नवे बसवले. पेटीतला पंखा फिरू लागला, दिवा लागला, आणि पडदा काळाच राहिला.

तो प्रसंग मी कसा सांगू? कुणीतरी आत आले होते आणि मला काहीतरी विचारत होते. मोठमोठ्याने, पुन्हा पुन्हा. त्यातला एक शब्द मला कळत नव्हता. आणि मी जे उत्तर देत होतो ते त्याला कळत नव्हते. यामनाला हाका मारणाऱ्या खिडक्यांची आठवण मला तेव्हा झाली.

"कार्ड जुनं आहे," विदाद म्हणाली. "नव्या लिनक्सला ह्याची भाषा येत नाही."

"मग शिकव."

"कुणाला? लिनक्सला का कार्डाला?"

"जो लवकर शिकेल त्याला!"

नवे कार्ड घालायचे तर या यंत्रातली खाच जुन्या पद्धतीची. आता तसली कार्डे निघत नाहीत. म्हणजे सगळे यंत्रच बदलायला हवे होते. पण रमजान काही यंत्रासाठी थांबणार नव्हता. विदादने आपला लॅपटॉप तारेने आमच्या पेटीला जोडला आणि आंधळ्या पडद्यामागून ती काम करू लागली. माझ्या कंपनीचा जुना ड्रायव्हर तिने शोधून काढला. तो नव्या लिनक्समध्ये बसेचना. कंपनीने त्याच्याकडे पाहणे केव्हाच सोडले होते. शेवटी तिने संगणकाला सांगितले, कार्डाच्या भानगडीत पडू नकोस, साधे चित्र काढ आणि सरळ पडद्यावर ढकल. पडदा उजळला. केशरी!

संध्याकाळी, अजान सुरू व्हायला आणि पडदा हिरवा व्हायला एकच गाठ पडली. विदादने टाळ्या वाजवल्या. हमादी स्वतः जाऊन यामनाला हाताला धरून घेऊन आले. ती पायरीपाशी उभी राहिली, पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिले आणि मान हलवली.

"हा तो हिरवा नाही."

हमादींनी हातवारे केले, हिरवाच तर आहे! रकिया खिडकीतून म्हणाली, "हिरवा म्हणजे हिरवा. त्यात काय तो नि हा?"

यामना हमादींकडे पाहून मोठ्याने म्हणाली, "तुम्हाला एक हिरवा माहीत आहे. मला चाळीस माहीत आहेत. हा पिवळ्यातला आहे. हा कुणी दुसराच आहे. एकदा हसं झालं, तेवढं पुरे." आणि ती निघून गेली.

सगळ्यांना वाटले, म्हातारीचा हट्ट. पण ती खरे बोलत होती, आणि ते फक्त मला माहीत होते. त्या साध्या चित्रात माझा हातच नव्हता. मला कुणी काही विचारत नव्हते, मी रंग सुधारत नव्हतो. कच्चा हिरवा माझ्यातून तसाच जात होता आणि पिवळ्या पडद्यावर पडत होता. मी तिथे असून नव्हतो. आणि अख्ख्या सफ्रूमध्ये ही गोष्ट एकाच माणसाच्या लक्षात आली होती. मला दुःख झाले, मित्रांनो, आणि त्याच वेळी माझ्या जन्मात झाला नव्हता इतका आनंदही झाला.

विदाद मात्र हसली नाही. ती पडद्याच्या जवळ गेली, लांब गेली, पुन्हा जवळ आली. "मामा," ती म्हणाली, "पूर्वी कधी रंग सुधारून घेतले होते का?"

"घेतले होते बुवा. कार्डाकडूनच. पडदा पिवळा पडला होता ना."

"म्हणजे मावशी बरोबर सांगतायत. हे कार्ड सध्या नुसतं बसून आहे."

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच कामाला लागली. कंपनीने मला टाकले असले तरी जगात काही माणसे अशी आहेत की त्यांनी माझ्यासारख्यांची भाषा स्वतःच्या कष्टाने शिकून घेतली आणि फुकट सगळ्यांना देऊन टाकली. त्यांनी लिहिलेला ड्रायव्हर नव्या लिनक्समध्ये आधीपासूनच होता. पण तो सुरू झाला की मिनिटभरात चित्र गोठे आणि सगळा संगणक अडून बसे. विदादने सात वेळा बंद करून सात वेळा चालू केला. भर रोज्यात, पाण्याचा घोटही न घेता. दुपारी तिला कुठल्यातरी दूरच्या देशातल्या एका अनोळखी माणसाने लिहून ठेवलेल्या चार ओळी सापडल्या. माझ्याच जातीच्या कार्डाविषयी होत्या त्या. म्हणजे माझी भावंडे अजून कुठेतरी जिवंत होती!

ओळींचा अर्थ असा होता: या कार्डाची धावण्याची शक्ती बंद करा. तीच अडवते. ती बंद केली की बाकीचे कार्ड नीट चालते.

माझी धावण्याची शक्ती! जिच्यासाठी मुले हात धुऊन येत, ती! मला वाटले, ही नको म्हणेल. विदादने कपाळावरचा घाम पुसला आणि ती एक ओळ लिहून टाकली. संगणक पुन्हा सुरू झाला. आत कुणीतरी आले आणि माझ्याशी बोलले. हळू, साध्या शब्दांत, माझ्या भाषेत. मी उत्तर दिले. त्याला ते कळले.

आता राहिला रंग. निळी झाक किती घातली होती, ते हमादींना आठवेना, आणि जुने सगळे पुसले गेले होते. विदाद उठली, गल्ली ओलांडून गेली आणि यामनाच्या खांद्यावर हात ठेवला. यामना दचकली. खांद्यावर हात पडायची तिची सवयच मोडली होती. विदादने तिला दुकानाच्या काचेसमोर आणले, पडद्याकडे बोट केले आणि मग हात जोडून विचारल्यासारखे केले: कोणता?

 यामनाने अंगावरची शाल बाजूला केली. आत तिचा करडा जेलाबा होता आणि त्याला गळ्यापासून ओळीने हिरवी बटणे होती.

"पहिल्या वर्षी विणली होती ही," ती म्हणाली. "समोर बसून. ह्याला बघून धागा जुळवला होता."

ती काचेला अगदी खेटून उभी राहिली, गळ्याचे बटण पडद्याशेजारी येईल अशी. विदाद लॅपटॉपवर रंग वरखाली करू लागली, आणि यामना, दुकानात गिऱ्हाईकाला धागा दाखवावा तशी, हुकूम सोडू लागली.

"पिवळा काढ. अजून काढ. आता निळा... थोडा. थोडा म्हटलं ना पोरी, पिंप ओतलंस! मागं ये. अजून एक बोटभर. हळू..."

हमादी तिच्या मागे उभे होते. रकिया पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली होती.

यामना एकदम थांबली. बटण आणि पडदा यांत काही फरक उरला नव्हता. तिने काचेवर तळवा टेकला.

"हां," ती म्हणाली. "हा आला."

 वीस वर्षांत मला पुष्कळांनी वापरले. हा आला, असे मात्र माझ्याविषयी कुणी कधी म्हटले नव्हते.

त्या संध्याकाळी आभाळ निरभ्र होते. हमादींचा हात सवयीने घड्याळाकडे जात होता. विदादने कीबोर्डच उचलून कपाटात ठेवला. "हात लावायचा नाही, मामा. त्याला सगळं कळतं आता." यामना पायरीवर येऊन बसली. वाडगा, ताटली, तीन खजूर. मी केशरी होतो. दारे लागत गेली. भोंगा वाजला, अजान सुरू झाली, आणि मी हिरवा झालो.

यामनाने खजूर उचलला नाही. तिने आभाळाकडे पाहिले. मग रकियाच्या दाराकडे पाहिले. पहिल्या दिवशी ओरडलेली रकिया दारात उभी होती, मुद्दाम, जेवण सोडून. तिने मान हलवली: हो, झाली वेळ. मग गल्लीभर घुमले, "बिस्मिल्लाह!"

तिने घास घेतला तोच विदाद आपला वाडगा घेऊन बाहेर आली आणि तिच्या खांद्याला हात लावून शेजारी बसली. दोघी खाऊ लागल्या. दोन घोट झाल्यावर यामना अचानक थांबली आणि काचेकडे बोट करून म्हणाली, "आणि हा? हाही बाहेरच आहे की!"

तिने एक खजूर माझ्याकडे धरला. "ये रे. बस, जेवून जा."

रकिया खो खो हसली. या वेळी यामनाही हसली.

मित्रांनो, या गोष्टीला दोन वर्षे झाली. माझा पंखा आता कुरकुरतो. ज्या अनोळखी माणसांनी माझी भाषा जपली आहे, ती म्हातारी होतील, थकतील, आणि एक दिवस नव्या लिनक्समधून माझे नाव निघून जाईल. माझी त्याबद्दल तक्रार नाही. जुने सगळेच ठेवायचे म्हटले तर नव्याने बसायचे कुठे? माझे मागणे एवढेच आहे. पडदा काळा दिसला म्हणजे आतले मेले, असे लगेच ठरवू नका. त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे ते आधी शोधा. आणि तुमच्या गल्लीत कुणाला हाक मारली नि त्याने मान वर केली नाही, तर त्याला मानी समजून खिडकी लावून घेऊ नका. चार पावले चालत जा आणि खांद्यावर हात ठेवा.

आज पुन्हा रमजान आहे. आभाळ भरून आले आहे आणि गल्ली रिकामी होत चालली आहे. यामना समोर बसली आहे, डोळे माझ्यावर. पायरीवर आज दोन वाडगे असतील, कारण रकिया स्वतःचा घेऊन खाली यायची आहे. मांडीवर नेहमीचे तीन खजूर आहेत, आणि एक वेगळा काढून बाजूला ठेवलेला आहे. मी अजून नऊ मिनिटे केशरी आहे.